विरजण कुणाच्या घरचं?

आमच्याकडे ‘पोट साफ झालं का?’ हा प्रश्न सकाळी चहाच्या आधी विचारतात. तरीही माझ्या मावसभावाच्या शौचातून रक्त जातंय, हे आठ महिने घरात कुणाला कळलं नाही. त्याने ते मूळव्याध समजून आधी ओळखीतल्या कुणाचं चूर्ण घेतलं, मग मेडिकलमधून मलम आणलं. मध्ये जुलाब वाढले तेव्हा तिथूनच, चिठ्ठीशिवाय, दोन अँटिबायोटिक एकत्र असलेल्या गोळ्यांचं पाकीट आणून संपवलं. शेवटी वजन नऊ किलोने उतरलं तेव्हा दुर्बिणीची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं : अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा, पुन्हा पुन्हा उलटणारा आजार. आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या, दीड-दोन महिन्यांत रक्त थांबलं, गाल भरले. मग ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि त्याऐवजी महिन्याला २,२०० रुपयांच्या प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल घ्यायला लागला. डब्यावर अब्जावधी जिवंत जिवाणूंचा आकडा होता. चार महिन्यांनी आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा हाताला सलाइन होतं.

त्या डब्यावर एक शब्दही खोटा नव्हता. मला तेच जास्त खटकतं. ‘पचनसंस्थेचं आरोग्य राखण्यास साहाय्यक’ एवढंच लिहिलेलं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१६चे नियम अशा उत्पादनाला अन्न मानतात, दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत असं सांगतात आणि आजार बरा करण्याचा दावा करू देत नाहीत. डबा तो दावा करत नाहीच. दावा मोबाइलवरच्या दीड मिनिटाच्या चित्रफितीत असतो, काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी असतो, व्यायामशाळेतल्या मित्राच्या सल्ल्यात असतो. कागद स्वच्छ, आणि रुग्ण दवाखान्यात.

म्हणून हे जिवाणूंचं प्रकरण सगळंच थोतांड आहे, असं म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांचंही पटत नाही. मुळातलं विज्ञान भक्कम आहे. आपल्या शरीरात पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू ३८ लाख कोटी, असा हिशेब २०१६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी मांडला. (जिवाणू पेशींच्या दहापट, हा जुना आकडा अजून भाषणांत फिरतो, तो सोडून द्यावा.) या जिवाणूंतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. म्हणजे मोठ्या आतड्याचं अस्तर आपल्या ताटातलं थेट फारसं जेवत नाही, बहुतांशी जिवाणूंच्या हातचं जेवतं. ब्युटिरेट बनवणाऱ्यांपैकी फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा एक ठळक जिवाणू. क्रोन्स डिसीज या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजाराच्या ज्या रुग्णांत तो कमी होता त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर आजार परत येण्याचं प्रमाण जास्त होतं, असं २००८ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवलं. तोच जिवाणू उंदरांना दिला तर आतड्याची सूज उतरली.

अडचण पुढे आहे. हा जिवाणू प्राणवायू सहन करत नाही. उघड्यावर आणला की मरतो, त्यामुळे डब्यात भरून फळीवर ठेवता येत नाही. दुकानात मिळतात ते बहुतेक लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम आणि बीजाणूवाले, म्हणजे स्वतःभोवती टणक कवच करून कसंही जगणारे. म्हणजे आतड्यात ज्यांची उणीव आहे ते एक आणि बाजारात आहेत ते दुसरेच. शिवाय आधी काय बिघडलं, हा कोंबडी-अंड्याचा गुंता आहेच. सूज आली की आतड्यात प्राणवायू वाढतो, प्राणवायूला भिणारे मरतात, ई. कोलायसारखे टगे माजतात आणि सूज आणखी वाढते. या चक्रात वरून चार पाहुणे सोडले तर ते टिकतीलच असं नाही. २०१८ साली इस्रायलमध्येच निरोगी लोकांवर एक प्रयोग झाला. अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर ज्यांना प्रोबायोटिक दिले त्यांचे मूळचे जिवाणू परतायला उशीर लागला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षाही उशीर. आपल्याकडे अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ प्रोबायोटिकची असते. ती ओळ लिहिताना डॉक्टरांचा हात निदान एकदा अडखळावा.

एका बाटलीबंद जिवाणूने मात्र खरोखर परीक्षा दिली आहे आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात आग्नेय युरोपच्या आघाडीवर आमांशाने जर्मन सैनिक आडवे होत होते. त्यातला एक ठणठणीत राहिला. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरने १९१७ साली त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. तो आजही औषध म्हणून विकला जातो. २००४ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ३२७ रुग्णांवरच्या चाचणीत आजार शांत ठेवण्याच्या कामी तो मेसालामाइनच्या बरोबरीने उतरला : वर्षभरात जिवाणूच्या गटात शंभरातल्या ३६ जणांना आजार उलटला, मेसालामाइनच्या गटात ३४ जणांना. हा एक वाण, एक आजार, एक काम. क्रोन्ससाठी हे लागू नाही आणि ‘ई. कोलाय चांगला असतो’ असाही याचा अर्थ नाही. वाणाला निस्लेचं नाव मिळालं. ज्याच्या पोटातून तो निघाला त्या सैनिकाचं नाव काही बाटलीवर नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, मला त्याकडे परत यायचं आहे.

आता दुसरा रस्ता. एकेक जिवाणू निवडण्यापेक्षा निरोगी माणसाची अख्खी वस्तीच उचलून रुग्णाच्या आतड्यात सोडायची. साध्या भाषेत, एकाची विष्ठा गाळून, पातळ करून दुसऱ्याला द्यायची. नाक मुरडण्याआधी विरजण आठवा. दही बिघडलं, चिकट झालं, तार सुटली की आई म्हणायची, शेजारून चांगलं विरजण आण. वाटी घेऊन जायचं, चमचाभर आणायचं आणि दुसऱ्या दिवशी घरचं दही परत घट्ट. तत्त्व तेच आहे. गाईला अँटिबायोटिक दिलेलं असेल तर तिच्या दुधाचं दही नीट लागत नाही, हे दूधवाल्यांना ठाऊक असतं. आमच्या मावसभावाच्या पोटात त्या चिठ्ठीशिवायच्या गोळ्यांनी तरी दुसरं काय केलं असेल?

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू अँटिबायोटिकनंतर रिकाम्या झालेल्या आतड्यात माजतो आणि जीवघेणे जुलाब लावतो. अमेरिकेत डेन्व्हरला १९५८ साली बेन आइझमन आणि सहकाऱ्यांनी अशाच, अँटिबायोटिकनंतर उद्भवलेल्या आतड्याच्या गंभीर आजाराच्या चार रुग्णांना विष्ठेचा एनिमा देऊन वाचवल्याचं लिहून ठेवलं. पन्नासएक वर्षं वैद्यकाने त्याकडे ‘ई’ करून पाहिलं. मग २०१३ साली अॅमस्टरडॅमची चाचणी आली : वारंवार उलटणाऱ्या डिफिसिलच्या १६ रुग्णांपैकी १५ विष्ठेने बरे झाले, नेहमीच्या अँटिबायोटिकने १३ पैकी ४. फरक इतका होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

हा आकडा ऐकला की कोलायटिसचा रुग्ण हुरळून जातो. तिथे जरा थांबायला हवं. डिफिसिल हा एका उपटसुंभाने जागा बळकावल्याचा आजार आहे. कोलायटिसमध्ये जनुकं, प्रतिकारशक्ती, आहार, जिवाणू असे चार धागे एकमेकांत अडकलेले असतात आणि आपण त्यातला एक ओढतो. साहजिकच यश कमी. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या २०१५च्या चाचणीत विष्ठा मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांचा आजार शमला, नुसतं पाणी मिळालेल्यांचा ५ टक्के. ऑस्ट्रेलियात २०१७ साली २७ विरुद्ध ८. २०१९ साली तिथेच प्राणवायू लागू न देता तयार केलेल्या विष्ठेने ३२ विरुद्ध ९. चौघांत एकाला, फार तर तिघांत एकाला गुण. नव्या महागड्या जैविक औषधांचे आकडेही काही गगनाला भिडलेले नाहीत, त्यामुळे हे थोडं नाही. पण चमत्कार म्हणण्याजोगंही नाही. हॅमिल्टनच्या चाचणीत सगळ्यात बोलका तपशील वेगळाच होता : बरे झालेल्या नऊ जणांपैकी सात जणांना एकाच दात्याची विष्ठा मिळाली होती. अहवालात त्याला ‘दाता बी’ म्हटलंय. एका घरचं विरजण लागलं, बाकीच्यांचं नाही.

भारतातलं काम या बाबतीत मागे नाही, उलट काही बाबतींत पुढे आहे. लुधियानाच्या दयानंद वैद्यकीय महाविद्यालयात अजित सूद यांनी २००३ साली पंजाबात लाखात ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दाखवलं, तोवर हा गोऱ्यांचा आजार समजला जायचा. (इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या दक्षिण आशियाई लोकांत १९८०च्या दशकातच त्याचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट झालं होतं, आपण जागे उशिरा झालो.) त्याच सूद यांनी आजार शमलेल्या ६१ रुग्णांवर, दर आठ आठवड्यांनी विष्ठारोपण करून, वर्षभराची चाचणी केली. ८७ टक्के विरुद्ध ६७ टक्के असा निकाल आला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक पुरेसा ठरला नाही. दिल्लीच्या एम्सने २०२२ साली ६६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सात आठवडे दर आठवड्याला विष्ठारोपण आणि सोबत आहार : प्रक्रिया केलेलं, डबाबंद टाळायचं, फळं-भाज्या आणि आंबवलेलं वाढवायचं. आठ आठवड्यांनी ६० टक्क्यांची लक्षणं शमली, नेहमीच्या उपचारांनी ३२ टक्क्यांची. पुढे विष्ठा थांबवून फक्त आहार चालू ठेवला तरी वर्षाअखेर चौघांतल्या एकाचं आतडं आतून शांत होतं, दुसऱ्या गटात एकाचंही नाही. गुण कशाचा किती, विष्ठेचा की जेवणाचा, हे त्यातून सुटं करता येत नाही. मला ते वावगंही वाटत नाही. विरजण चांगलं असून दूध नासकं असेल तर काय उपयोग? आणि एक गोष्ट जाहिरातवाल्यांनी ऐकावी : या रुग्णांची आधीची औषधं सुरूच होती. कुणी मेसालामाइन सोडून या चाचणीत आलं नव्हतं. मेसालामाइन नियमित घेणाऱ्यांत दोन वर्षं आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के आणि चुकवणाऱ्यांत ३९, हे अमेरिकेतल्या अभ्यासात २००३ सालीच दिसलं होतं.

दिल्लीच्या चाचणीतले दाते ग्रामीण भागातले होते.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं. उपचार अंगावर घ्यायची वेळ आली तर घेशील का, असं विचारलं. तो किळसेने तोंड फिरवेल असं वाटलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, “कुणाची?”

धोरण ठरवणाऱ्यांनी याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी, असं माझं म्हणणं आहे. कारण उत्तर चुकलं तर माणूस मरतो. २०१९ साली अमेरिकेत दोन रुग्णांना एकाच दात्याच्या विष्ठेच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. त्या दात्याच्या आतड्यात बहुतेक अँटिबायोटिकना न जुमानणारा ई. कोलाय निवांत राहत होता. त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता. दोन्ही रुग्णांच्या रक्तात तो पसरला, एक दगावला. त्या जिवाणूची तपासणी सक्तीची होण्याआधी कॅप्सूल भरून ठेवल्या होत्या आणि नंतर त्या पुन्हा तपासल्या नव्हत्या. ही गोष्ट नामांकित डॉक्टरांच्या, नियमांना धरून चाललेल्या चाचणीत घडली. आपल्या देशात असा बंडखोर जिवाणू निरोगी माणसांच्या पोटात सर्रास सापडतो, कारण अँटिबायोटिक आपल्याकडे भजीच्या गाडीवरच्या मिरचीसारखं मिळतं. म्हणजे दाता निवडण्याची चाळणी इथे आणखी बारीक हवी. आणि आज काय आहे? आंतरजालावर घरच्या घरी मिक्सर वापरून करायच्या कृती आहेत. घरच्यांची विष्ठा वापरून सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा संसर्ग ओढवून घेतलेल्या कोलायटिसच्या रुग्णाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. काही ठिकाणी जाणकार डॉक्टर काळजीने, स्वतःच्या नियमांनी हे करतात. पण त्यांचे नियम त्यांच्यापुरते.

माझा आग्रह असा : उपचारासाठी दिली जाणारी विष्ठा कायद्याने औषध माना आणि तिची सार्वजनिक पेढी काढा. निदान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मुंबईत किंवा पुण्यात. पुण्यात सूक्ष्मजीव जतन करणारी राष्ट्रीय संस्था आहेच, ती काही कोसांवर असताना नमुने गोठवायचे कसे आणि ओळखायचे कसे हे शिकायला परदेशी जायला नको. अमेरिकेत २०१२ साली नफ्याशिवाय चालणारी अशी पेढी उभी राहिली. तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने २०२२ आणि २०२३ साली दोन तयार औषधांना परवानगीही दिली, फक्त वारंवार उलटणाऱ्या डिफिसिलसाठी. कोलायटिससाठी एका कंपनीने निवडक बीजाणूंची कॅप्सूल आणली होती, ती २०२१ साली चाचणीत नापास झाली. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेची २०२४ची शिफारस म्हणते की आतड्याच्या या दाहक आजारांत विष्ठारोपण चाचणीबाहेर करू नये. मला ती मान्य आहे. म्हणूनच तर पेढी हवी. चाचण्या मोठ्या व्हायच्या तर तपासलेला, नोंदलेला, पुन्हा पुन्हा मिळणारा माल लागतो. चार डॉक्टरांच्या चार फ्रीजमधून पुरावा उभा राहत नाही.

‘आपल्याकडे कुठे जमणार?’ हे ऐकायला मी तयार नाही. रक्ताचं आपण जमवलं. रक्तपेढीला औषध कायद्याखाली परवाना लागतो. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालाने १ जानेवारी १९९८पासून बंदी आली, तेव्हाही रक्त मिळायचं बंद होईल असं म्हणणारे होतेच. आज गणपती मंडळापासून वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत जिथे तिथे रक्तदान शिबिर असतं. आणि आईच्या दुधाचं? सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी काढली, तीही महापालिकेच्या इस्पितळात. परक्या बाईचं दूध आपल्या बाळाला, ही कल्पना तेव्हा काही सगळ्यांच्या गळी सहज उतरली नसणार.

विष्ठेचं त्याहून अवघड आहे, हे कबूल. आपल्याकडे विष्ठेला हात लावणं ही नुसती किळसेची बाब नाही, ती जातीची बाब आहे. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंद करावी लागली, तरी गटारात माणसं मरायची थांबलेली नाहीत. उद्या पेढी निघाली तर नमुना गाळायला, भांडी धुवायला कुणाला उभं करणार? मला धाक आहे की प्रयोगशाळेत पदवीधर आकडे लिहितील आणि हातमोजे घालून पातेल्यापाशी नेहमीचीच माणसं असतील. हे काम तंत्रज्ञाचं आहे, त्या दर्जाच्या पगाराचं आहे, हे भरतीच्या जाहिरातीतच लिहिलं पाहिजे.

आणि आता तो सैनिक. जगभर एक ओढ दिसते आहे : शहरी, अँटिबायोटिकवर पोसलेल्या आतड्यांपेक्षा भाकरी, कडधान्यं, ताक-आंबीलवर वाढलेल्या गावच्या पोटांत जिवाणूंची विविधता जास्त, म्हणून दाते तिथून आणा. मध्य भारतातल्या शाकाहारी जेवणाऱ्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूचं राज्य असल्याचं भोपाळच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं आहे. उद्या विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या वाडीतल्या माणसाच्या पोटात असा ‘दाता बी’ सापडला तर? पेढी सार्वजनिक असेल तर त्याच्याशी बोलणी कुणी करायची हे ठरवता येईल. खासगी असेल तर एक संमतीपत्र, इंग्रजीत, अंगठा, दोनशे रुपये आणि मग कुठल्या तरी परदेशी शहरात वाणाचं पेटंट. हा कल्पनाविलास वाटत असेल तर फ्रायबुर्गची बाटली पुन्हा पाहा.

रक्ताप्रमाणे यातही पैशांचा व्यवहार नको, असं मी म्हणेन; पैसा आला की माणूस आजार लपवतो. पण दात्याच्या वाटेचे प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि त्याच्या तपासण्यांचे निकाल त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडायला हवेत. कसून तपासणी केली की शंभरातले जेमतेम काहीच दाते म्हणून पास होतात. जे नापास होतील त्यांच्यात कुणाला कावीळ ब निघेल, कुणाला जंत, कुणाला आणखी काही. त्यांना ‘तुमचं चालत नाही’ एवढंच सांगून एसटीत बसवून द्यायचं, की त्याच इस्पितळात केसपेपर काढून द्यायचा, हे पेढीच्या पहिल्या नियमावलीत लिहावं लागेल.